ब्रीडरकडून बॉल पायथन घेताना आणि व्यवहारात चूक निघाल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः अमेरिकेत राहून साप पाळणाऱ्या किंवा पहिला साप घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. उदाहरणं बॉल पायथनची घेतली आहेत (ब्रिटनमध्ये त्यालाच रॉयल पायथन म्हणतात), कारण ब्रीडरकडच्या व्यवहारात त्याचाच बोलबाला आहे आणि घोळही त्याचेच जास्त होतात. कॉर्न स्नेक, हॉगनोज वगैरेंनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

भारतात राहून असा साप घेता येईल का?

नाग, धामण, अजगर असे देशी साप पकडणं, विकणं किंवा घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. ब्रीडरकडून आणला म्हटल्याने त्यात फरक पडत नाही. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो ‘साइट्स’ (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२२ च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत आला. अशा प्राण्यांचा ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश २.०’ या सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. आयातीची परवानगी ही वेगळी बाब. बँकॉकहून आलेल्या सामानात लपवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक मुंबई विमानतळावर वारंवार पकडले गेले आहेत, त्यामुळे कागदपत्रं न दाखवणाऱ्याचा साप कुठून आला असेल याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही. बिनकागदाचा साप घेतला आणि तो आजारी निघाला, तर तक्रार तरी कोणाकडे करणार? इथून पुढची उत्तरं अमेरिकेतल्या व्यवहाराची आहेत.

अमेरिकेत परवाना लागतो का?

बॉल पायथनला बहुतेक ठिकाणी लागत नाही, पण नियम राज्यागणिक आणि शहरागणिक बदलतात. हवाईमध्ये कोणताही साप पाळायला बंदी आहे. जॉर्जियात कॉर्न स्नेक हा तिथला देशी साप, म्हणून तो ठेवता येत नाही. राज्य, काउंटी, शहर आणि भाड्याच्या घराचा करार, चारही तपासा. ब्रीडर पाठवायला तयार आहे म्हणजे तुमच्या गावात तो कायदेशीर आहे, असं समजू नका.

पैसे देण्याआधी ब्रीडरला काय विचारायचं?

पुढे जे वाद होतात त्यातले निम्मे इथेच मिटू शकतात, म्हणून संकोच न करता विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. फोनवर बोलणं झालं असेल तर नंतर त्याचा सारांश संदेशाने पाठवून “बरोबर ना?” असं विचारा.

आधी खाण्याची नोंद: शेवटच्या पाच-सहा जेवणांच्या तारखा, छोटा उंदीर (माउस) की मोठ्या जातीच्या उंदराचं (रॅट) पिल्लू, जिवंत की गोठवून वितळवलेलं. “छान खातो” हे उत्तर धरू नका. जिवंत भक्ष्यावर वाढलेलं पिल्लू तुमच्याकडे वितळवलेलं खाईलच असं नाही, आणि हा फरक न सांगितल्यामुळे होणारी भांडणं खूप. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण ५० ते ८० ग्रॅमचं असतं. पहिल्यांदाच घेत असाल तर किमान पाच जेवणं सलग झालेलं आणि शंभर ग्रॅमच्या वर गेलेलं पिल्लू घ्या.

मग आजचं वजन, काट्यावर साप ठेवलेल्या फोटोसकट. नर की मादी, आणि ते कोणी, कोणत्या पद्धतीने तपासलं. आई-बापाचे फोटो. रंग-नक्षी ठरवणाऱ्या ज्या जनुकांचे पैसे मोजताय ती पावतीवर नावानिशी.

व्हिडिओ मागायचा तो साप हातात हलता असतानाचा: डोकं समोरून, पोटाकडची बाजू, शेपटीजवळची अवस्कराची (मलमूत्र बाहेर पडण्याची) जागा आणि पाठीवरून बोट फिरवताना. कण्यातला वाकडेपणा फोटोत लपतो, बोटाखाली लपत नाही. डोकं कलतं किंवा गोल फिरतं का, तेही दिसतं.

शेवटी अटी: जिवंत पोचण्याची हमी किती तासांची, लिंग चुकीचं निघालं तर काय, परत पाठवायचा खर्च कोणाचा. अटीच नसलेला ब्रीडर वाईट असतोच असं नाही, काही जण घरगुती पातळीवर वर्षाला चार-पाच क्लच (एका मादीची एका वेळची अंडी) काढतात. मग तुम्हीच चार ओळी लिहा आणि त्याची मान्यता घ्या.

‘१०० टक्के हेट’, ‘६६ टक्के हेट’ म्हणजे नक्की काय?

पाईड, क्लाऊन, ॲल्बिनो ही अप्रभावी जनुकं. दोन प्रती असतील तरच रंग दिसतो, एकच असेल तर साप दिसायला साधा पण ‘हेट’ (हेटेरोझायगस). आई किंवा बाप स्वतः पाईड असेल तर प्रत्येक पिल्लाला एक प्रत मिळतेच, म्हणून १०० टक्के हेट. दोन हेट जोडले तर सरासरी चारात एक पाईड, दोन हेट, एक साधा. पाईड बाजूला काढला की उरलेल्या तीन सारख्या दिसणाऱ्या पिल्लांत दोन हेट, म्हणून ६६ टक्के. हेट आणि साधा जोडल्यास ५० टक्के.

म्हणजे ६६ टक्के हेट हा साप अर्धवट हेट नसतो. तो हेट आहे किंवा नाही, आणि तुम्ही शक्यता विकत घेताय. तो हेट न निघाल्यास ब्रीडरचं काहीही चुकलेलं नाही. तक्रार फक्त १०० टक्के म्हणून विकलेल्याची होऊ शकते.

स्पायडर मॉर्फचं डोकं डुगडुगतं, ही विक्रेत्याची चूक धरायची का?

मॉर्फ म्हणजे जनुकांमुळे आलेला रंग-नक्षीचा प्रकार. स्पायडरमध्ये डुगडुगणं त्या जनुकाबरोबर येतंच, आतल्या कानाच्या बिघडलेल्या रचनेमुळे. कमी-जास्त असतं, शून्य नसतं. शॅम्पेन आणि वोमामध्येही हा प्रकार दिसतो. कॅरॅमल ॲल्बिनोमध्ये कणा वाकडा असण्याचं प्रमाण जास्त, डेझर्टच्या माद्यांना अंडी घालताना अडचणी येतात. हे जाहिरातीत किंवा संभाषणात सांगितलं नसेल आणि तुम्ही प्रजननासाठी डेझर्ट मादी घेतली असेल, तर लपवाछपवीची तक्रार रास्त आहे. सांगितलं असताना घेतली, तर विषय संपला. आमचं स्पष्ट मत: पहिला साप म्हणून यातलं काहीही घेऊ नये.

पैसे कसे द्यावेत?

पेपॅलने द्यायचे तर ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ हाच पर्याय. ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ला खरेदीदार-संरक्षण नसतं आणि झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सेवा) गेलेला पैसा व्यवहारात परत येत नाही. शुल्क वाचवण्यासाठी ब्रीडर तसं सुचवत असेल तर शुल्क तुम्ही भरा, पण मार्ग बदलू नका. हप्त्याने घेत असाल तर आगाऊ रक्कम परत मिळते का, आणि हप्ते चालू असताना साप मेला किंवा खाणं बंद झालं तर कोणाचं नुकसान, हे आधीच लिहून घ्या. सहा-सात महिन्यांच्या हप्त्यांत पेपॅलची १८० दिवसांची मुदत पहिल्या हप्त्यापुरती सरून जाते, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

पार्सल आल्यावर काय करायचं?

अमेरिकेच्या सरकारी टपालाने साप पाठवता येत नाही. ब्रीडर सहसा मध्यस्थ सेवेमार्फत फेडएक्सने रातोरात पाठवतात. आतून थर्मोकोलसारख्या फोमचं अस्तर असलेला खोका, त्यात गाठ मारलेली कापडी पिशवी किंवा भोकं पाडलेला डबा आणि थंडीत ४० तासांचा हीट पॅक, अशी बांधणी असते. हीट पॅक हवेवर चालतो. खोक्याला भोकं नसतील तर तो विझतो, आणि पिशवीला चिकटवला असेल तर साप भाजतो. पत्ता घराचा देण्यापेक्षा फेडएक्सच्या केंद्रावर ठेवून घ्या आणि स्वतः उचला. उन्हातल्या डिलिव्हरी गाडीत दुपारपर्यंत फिरणं सापाला सोसत नाही. गुरुवारी-शुक्रवारी निघणारं पार्सल नाकारा, कारण एक दिवस उशीर झाला की मधे शनिवार-रविवार येतो.

खोका उघडण्याआधी फोनवर चित्रीकरण सुरू करा आणि एकाच सलग चित्रफितीत लेबल, खोक्याची अवस्था, हीट पॅक गरम आहे की गार, पिशवीची गाठ सोडणं आणि साप बाहेर येणं हे सगळं येऊ द्या. लगेच वजन करा आणि विक्रेत्याला “पोचला” म्हणून कळवा, सगळं ठीक असलं तरी. हमीची मुदत बहुधा काही तासांचीच असते.

ब्रिटनमध्ये रॉयल मेलने साप जात नाही. तिथे प्राणी-वाहतुकीचा अधिकृत वाहक असतो किंवा स्वतः जाऊन आणायचा.

साप मेलेला किंवा निपचित आला तर?

गारठलेला साप मेल्यासारखा वाटतो. आधी फोटो काढा, विक्रेत्याला कळवा, मग त्याला साध्या खोलीच्या तापमानात ठेवा. हीट मॅटवर टाकू नका, एकदम दिलेल्या उष्णतेने उरलासुरला जीवही जातो. दोन-तीन तासांत जीभ बाहेर येते का ते पाहा.

खरोखर मेला असेल तर पोटाच्या बाजूचा आणि तोंड उघडून आतला फोटो लागतो. कारण हवं असेल तर मृत साप फ्रीजमध्ये ठेवा, डीप फ्रीझरमध्ये नाही. गोठल्यावर पेशी फुटतात आणि शवविच्छेदनातून फारसं हाती लागत नाही. एक-दोन दिवसांत पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पोचवा.

इथे भरपाई म्हणजे सापाची पूर्ण किंमत किंवा तशाच दर्जाचा दुसरा साप. वाहतूक खर्च अटींप्रमाणे. मात्र तुम्ही पहिल्या खेपेला घरी नव्हता आणि पार्सल परत डेपोत गेलं, तर तो दोष ब्रीडरच्या माथी मारता येत नाही.

साप खात नाही. फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. नव्या जागी आलेला बॉल पायथन रुसतोच. पहिले सात दिवस हात लावू नका. गरम बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५-२६, दमटपणा ६० टक्के किंवा वर, दोन्ही बाजूंना अंग घट्ट बसेल अशी लपण्याची जागा. हीट मॅटला थर्मोस्टॅट हवाच. मग विक्रेता देत होता तेच भक्ष्य, त्याच आकाराचं, सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. नाही खाल्लं तर पुन्हा सात दिवस थांबा. रोज समोर उंदीर नाचवल्याने तो अधिकच बिथरतो.

दर आठवड्याला वजन लिहा. मोठा नर हिवाळ्यात काही महिने उपाशी राहिला तरी वजन फारसं घटत नाही. पिल्लाचं वजन मात्र आल्यापासून दहा टक्क्यांनी उतरलं तर विक्रेत्याशी बोला आणि पशुवैद्याला दाखवा. चांगला ब्रीडर अशा वेळी टबचा आकार, खालचा भुसा, खाऊ घालायची वेळ असे बारकावे सांगतो, कधी साप परत मागवून खायला लागल्यावर पाठवतो. त्याच्या नोंदी खोट्या होत्या असं म्हणायला पुरावा लागतो. सर्वांत बोलका पुरावा म्हणजे पोचल्या दिवशीचं वजन जाहिरातीतल्यापेक्षा बरंच कमी भरणं.

साप आल्यावर माइट्स दिसले. दोष कोणाचा?

माइट्स म्हणजे सापाचं रक्त शोषणारे बारीक परजीवी. ते केव्हा दिसले ती वेळ पाहा. पाण्याच्या वाटीत बुडालेले काळे ठिपके, डोळ्याच्या कडेला किंवा हनुवटीच्या खवल्यांखाली हलणारे कण पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसले, तर ते त्याच्याबरोबरच आले. म्हणून नवा साप पांढऱ्या पेपर टॉवेलवर ठेवायचा, सगळं उठून दिसतं. उबेत माइट्सची पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. सहा आठवड्यांनी दिसले तर ते तुमच्याच दुसऱ्या सापाकडून किंवा एखाद्या प्रदर्शनातून घरी आलेले असू शकतात. नव्या सापाला ६० ते ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यासह ठेवलं असेल तरच तुमच्या तक्रारीला वजन येतं.

माइट्ससाठी औषधाचा खर्च मागणं रास्त, सापाची पूर्ण किंमत मागणं जास्तीचं. निडोव्हायरसचं (पायथनच्या श्वसनमार्गाला होणारा संसर्ग) तसं नाही. तोंडातल्या स्वॅबची पीसीआर चाचणी विलगीकरणातच पॉझिटिव्ह आली, तर अहवाल पाठवून पूर्ण परतावा मागा आणि त्याचा उरलेला संग्रहही तपासायला सांगा. लागण झालेला साप बराच काळ धडधाकट दिसतो, तेव्हा विक्रेत्याला ठाऊक नसणं शक्य आहे.

मादी म्हणून घेतलेला साप नर निघाला.

ही सगळ्यांत जास्त होणारी आणि बहुधा प्रामाणिक चूक. पिल्लांचं लिंग ‘पॉपिंग’ने, म्हणजे शेपटीच्या मुळाशी अंगठ्याने हलका दाब देऊन पाहतात, थंड किंवा आखडलेला नर आपली जननेंद्रियं आत धरून ठेवतो आणि मादी म्हणून नोंदला जातो. मोठ्या सापात ‘प्रोबिंग’ करतात: सळई नरात शेपटीखालचे साधारण सात ते दहा खवले आत जाते, मादीत दोन ते चार. अवस्कराजवळच्या नखांवरून ठरवू नका, ती दोघांनाही असतात. आणि हे घरी शिकत बसू नका, चुकीच्या हाताने कायमची इजा होते.

साप आल्यावर दोन आठवड्यांत जाणकाराकडून तपासून घ्या. चूक निघाली तर तोडगा सोपा आहे. समजा मादी ४०० डॉलरला घेतली आणि तसाच नर तोच ब्रीडर २५० ला विकतो, तर १५० परत. किंवा अदलाबदल, दोन्ही बाजूंचा वाहतूक खर्च त्याचा. दोन वर्षं वाढवल्यावर लक्षात आलं तरी फरक मागता येतो, पण वाढवण्याचा खर्च आणि हुकलेला हंगाम मागितला तर कोणी ऐकणार नाही. तपासायला तुम्हालाही दोन वर्षं होती.

१०० टक्के हेटमधून एकही पाईड निघाला नाही. आता?

आधी जोडी कोणती होती ते सांगा. हेटला हेट जोडला असेल तर प्रत्येक अंड्याला पाईड न निघण्याची शक्यता चारात तीन. आठ अंड्यांत एकही नाही, असं दहा क्लचमागे एकदा होतंच. शिवाय दोघांपैकी खोटा कोणता, हेही कळत नाही. दुसरा साप वेगळ्या ब्रीडरचा असेल तर तुम्ही भलत्याच माणसावर आरोप कराल.

हेटला प्रत्यक्ष पाईड जोडला असेल तर हिशोब स्वच्छ: पाच अंड्यांत एकही नाही ही शक्यता ३२ मध्ये एक, आठांत नाही ही २५६ मध्ये एक. हा पुरावा.

पण अंडी मोजत बसण्यापेक्षा कात जपून ठेवा. पाईड, क्लाऊन, ॲल्बिनो अशा बऱ्याच जनुकांची डीएनए चाचणी टाकलेल्या कातेवरून होते. कात कोरडी करून कागदी पाकिटात ठेवा (प्लास्टिकमध्ये बुरशी धरते), वर सापाचा क्रमांक आणि तारीख लिहा. महागडा हेट घेताना तर खरेदीआधीच चाचणीचा आग्रह धरावा, खर्च निम्मा-निम्मा.

ब्रीडरच्या हातून ही चूक कशी होते? मादी आदल्या हंगामातलं वीर्य साठवून ठेवू शकते, त्यामुळे बाप वेगळाच निघतो. इन्क्युबेटरमध्ये दोन क्लच शेजारी असतात आणि डब्याचं झाकण बदलतं. पॅकिंगच्या दिवशी सारखी दिसणारी भावंडं अदलाबदल होतात. शेवटचं झालं असेल तर खरा हेट दुसऱ्या कोणाकडे तरी साधा म्हणून गेला आहे. म्हणून कळवताना “तुमच्या त्या क्लचच्या नोंदी पाहा” असं सांगा, त्यात त्याचाही फायदा आहे.

तक्रारीचा पहिला संदेश कसा लिहावा?

छोटा, पुराव्यासकट, एकाच मागणीचा. साधारण असा: “नमस्कार. ४ मार्चला पोचलेली, पावतीवर मादी म्हणून नोंदलेली पास्टेल क्लाऊन आज पशुवैद्याने प्रोब केली, नर आहे. अहवाल आणि चित्रफीत जोडली आहे. साप ठणठणीत आहे आणि मला ठेवायचा आहे. तुमच्या यादीप्रमाणे नर-मादीच्या किमतीतला फरक परत कराल का? तुम्हाला स्वतः तपासायचा असेल तर परत पाठवायलाही तयार आहे, त्याचं लेबल पाठवा.”

‘फसवणूक’ हा शब्द, वकिलाची धमकी आणि वाईट रिव्ह्यूचा इशारा पहिल्या संदेशात नको. उत्तराला दोन-तीन कामाचे दिवस द्या. प्रदर्शनाच्या शनिवार-रविवारी ब्रीडर फोन बघत नाहीत.

चूक विक्रेत्याची, पण फायदा माझा. सांगायचं का?

सांगायचं. साध्या पास्टेलऐवजी पास्टेल क्लाऊन आली, तर दुसऱ्या कोणीतरी पैसे भरलेला साप तुमच्या टबमध्ये आहे. त्याच दिवशी कळवा, परतीचं लेबल आणि खोका त्याने पाठवायचा, तोवर साप तुम्ही सांभाळायचा. फरक भरून ठेवण्याची तयारी दाखवायला हरकत नाही, पण निर्णय त्याचा.

विक्रेता उत्तरच देत नाही.

एक आठवण, मग लेखी मुदत, मग पेपॅलचा डिस्प्यूट. तो उघडल्यावर २० दिवसांत क्लेममध्ये बदलला नाही तर आपोआप बंद होतो. विक्रेते “थांबा, करतो” म्हणत नेमके हेच दिवस काढतात. वर्णनाशी न जुळल्याच्या क्लेममध्ये साप परत करा असा निकाल येऊ शकतो, तेव्हा हवामान आणि खोक्याची तयारी ठेवा. परतावा मिळाल्यावर कार्ड कंपनीकडेही तोच पैसा मागणं ही सरळ लबाडी.

रिव्ह्यू केव्हा आणि कसा लिहायचा?

प्रकरण संपल्यावर. काय मागवलं, काय आलं, केव्हा कळवलं, त्याने काय केलं, चार ओळींत. चूक झाली आणि दोन दिवसांत पैसे परत आले, तर तेही लिहा. मॉर्फमार्केटवर (साप विकण्याच्या जाहिरातींचं संकेतस्थळ) रेटिंग बघणारा अनुभवी ग्राहक नेमकं हेच शोधतो. नंतर तोडगा निघाला तर आधीचा मजकूर दुरुस्त करा. वाईट शेरा लिहिण्याची भीती घालून सवलत उकळणं मात्र खंडणीच्या जवळ जातं.

भरपाई मिळाली, पण त्या सापाची पिल्लं विकताना काय लिहू?

हेट सिद्ध न झालेल्याची पिल्लं त्या जनुकाच्या नावाने विकू नका, ‘शक्य हेट’ म्हणूनही नको. आधीच विकली असतील तर खरेदीदारांची यादी काढा, चाचणीचा अहवाल पाठवा आणि किमतीतला फरक परत करा. मूळ ब्रीडरकडे हा खर्च मागता येतो, पण त्याने तो दिला की नाही यावर तुमच्या खरेदीदाराचे पैसे अडवून ठेवू नका.